बाबा शेवटचा भाग बघून आले तेव्हा

१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि आईची औषधं दोन्ही नीट पोचली. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती तसं सांगते. काल खुर्चीवर चढून पडदे काढत होती. मी ओरडले तर म्हणाली, "तू घर सांभाळ, मी पडदे सांभाळते." माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. भिंगाचे नंबर मी तीनतीनदा तपासते म्हणून मालक चिडतात, पण परत आलेला चष्मा माझ्या टेबलावरचा नसतो, त्यामुळे फार बोलत नाहीत.

बाबांची हत्यारांची पिशवी दाराशीच आहे. ती कुठे ठेवायची हे आम्हा दोघींना ठरवता येत नाही, म्हणून रोज पुसतो आणि परत तिथेच ठेवतो.

तू लिहिलंस की तुझ्या सिनेमातल्या फक्त राजावर बेतलेली नवी मालिका येते आहे, आणि बाबांना राजा इतका आवडला म्हणून तू सही करणार आहेस. हे वाचून आईने पत्राची घडी घातली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी ते पुन्हा उघडून वाचलं. तेव्हापासून मी रोज तुला पत्र लिहायला बसते आणि दुकानातल्या गमती लिहून उठते. आजही तेच चाललंय, बघ.

आधी सिनेमाच्या पहिल्या भागाचं बोलू. त्या दिवशी थिएटरात तुझा पाणक्या, सैन्याला पाणी पाजत फिरणारा, पडद्यावर आला. उजवा खांदा खाली, मान किंचित पुढे, पाऊल टाकण्याआधी हलकंसं खाकरणं. सगळं थिएटर हसलं. मी बाबांकडे पाहिलं. ते हसले नव्हते. तीस वर्षं पिशवी खांद्याला लावून लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, तो खांदा त्यांनी समोर एवढा मोठा झालेला पाहिला. घरी आल्यावर तुमचं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल.

"मी असा दिसतो?"

"बाबा, लोक प्रेमाने हसले."

"प्रेमाने हसायला मी काय मांजराचं पिल्लू आहे?"

तू बॅग उचललीस. त्यानंतर पार्सलं येत राहिली, तू आला नाहीस.

तुला माहीत नाही ते पुढचं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पिशवी डाव्या खांद्याला लावली. ताठ चालायला लागले. आई म्हणायची, "गिळली की काय काठी?" मान आखडली, मलम चोळून घ्यायचे, पण ऐकायचे नाहीत. गल्लीत कोणी "पाणक्या!" म्हणून हाक मारली की आणखी ताठ व्हायचे. जिन्यावर त्यांचा तोल जायचा, मी मागून धरायला गेले की हात झटकायचे. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

मग एका दुपारी एका ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकटी बाई होती, हिशेबनीस. दिवा गेलेला, आणि ती घाबरून दारावर लाथा मारत होती. बाबा वरून फटीतून डोकावले. मशीन हाताने फिरवायचं तर दोन्ही हात लागतात, आणि घाईत पिशवी कधी उजव्या खांद्यावर आली ते त्यांनाही कळलं नाही. फटीतून तिला चेहरा दिसला नाही, नुसता तो खांदा दिसला. ती म्हणाली, "पाणक्या आला!" आणि तिचं रडणं थांबलं. लिफ्ट खाली येईपर्यंत ती एकदाही ओरडली नाही.

हे बाबांनी जेवताना सांगितलं. अगदी सहज, मीठ मागावं तसं. मग मला, अजून त्याच लहानपणच्या चिडवायच्या नावाने, म्हणाले, "खोडरबर, ती फिल्म लावून दे."

एकटेच बसले. मी दारातून बघत होते. सगळे सरदार त्या राक्षसी दगडी पाखराला बघून पळतात, आणि पाणक्या एकटा मागे फिरून त्याच्या दिशेने जातो, कारण मागे कोणीतरी पाणी मागत असतं. तो प्रसंग त्यांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला. मला आत बोलावलं. तुला आठवतंय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते आपल्याला शिकवायचे तेव्हा? उत्तर सांगायचे नाहीत, प्रश्नच विचारायचे. तसंच विचारलं.

"सांग, इथे शूर कोण?"

"पाणक्या."

"का?"

"तो घाबरत नाही म्हणून."

"चूक. नीट बघ. त्याचे हात बघ."

मी पाहिलं. दादा, तुझे हात थरथरत होते. मी तो भाग इतक्यांदा पाहिला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

"त्याच्याकडे बघून कोणी त्याच्या मागे जाणार नाही," बाबा म्हणाले. "रूप नाही, आवाज नाही. त्या सरदाराने हात वर केला की हजार माणसं उठतात. याने केला तर लोकांना वाटेल पाणी हवंय का विचारतोय. तरी हा गेला. पोराने बरोबर पकडलंय."

दुसऱ्या दिवशी पिशवी उजव्या खांद्यावर. गल्लीतल्या हाकेला "काय रे?" म्हणायला लागले. मी म्हटलं, दादाला फोन करू या. तर म्हणाले, "शेवटचा भाग येऊ दे. तो बघतो आणि मग मीच करतो. आधी चूक झाली, आता पूर्ण बघून बोलेन."

मी तेव्हाच तुला कळवायला हवं होतं असं तू म्हणशील. पण तो फोन त्यांचा होता. तो त्यांच्या आधी मी कसा करणार?

शेवटचा भाग आम्ही दुपारच्या खेळाला पाहिला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगितलं, "पाणक्या माझा मुलगा आहे." तो म्हणाला, "हो का? मग मी राजकन्या." बाबा खूप हसले.

मग तो प्रसंग आला, जिथे पाणक्याच्या पाठीवरची खूण उघडी पडते आणि कळतं की तो हरवलेला राजपुत्र आहे. तू सरळ उभा राहिलास. खांदे सारखे झाले. उजेड पडला, सगळं सैन्य गुडघ्यावर बसलं. थिएटरात टाळ्या, शिट्ट्या. दादा, तू देखणा दिसत होतास, खरंच. माझ्याही अंगावर काटा आला. मी बाबांकडे वळले.

तू बाबांना शेवटचं बघायला आलास त्या दिवशी आईने तुला दारात सांगितलं, "राजाला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं." बाहेर लोक तुझा फोटो काढायला ढकलाढकली करत होते, आत बाबांना झाकलेलं होतं, आणि तू आईला विचारत होतास, "बघितला का त्यांनी? काय म्हणाले?" ती दुसरं काय सांगणार? आणि पाणी आलं होतं, हे ती खरं बोलली.

ते काय म्हणाले ते आता लिहिते.

बाहेर आल्यावर ते थिएटरच्या पायरीवर बसले. म्हणाले, "म्हणजे त्या सगळ्या गोष्टीत साधा माणूस एकही नव्हता तर."

मी म्हटलं, "बाबा, दादाने तुमच्यासाठीच केलं असेल. तुम्हाला राजा केलं."

"कळतंय मला ते. फार मायेने केलंय. पण मग तो मागे फिरला, ते राजाचं रक्त होतं म्हणून फिरला. त्यात त्याचं स्वतःचं काय राहिलं?" मग म्हणाले, "पहिला भाग त्याने मला बघून केला होता. हा मला न बघता केला."

मी फोन पुढे केला. त्यांनी हातात घेतला, तुझं नाव पाहिलं आणि परत दिला. "काय सांगू? खोटं मला जमत नाही. आणि खरं सांगितलं तर पोरगं पुन्हा बॅग उचलेल. थोडं थांबू. शब्द सापडले की करीन."

त्याच आठवड्यात सकाळी बुटांची नाडी बांधता बांधता ते गेले. शब्द सापडले होते की नाही मला माहीत नाही.

तुझ्यावर ते रागावले नव्हते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तू मला ओळखतोस. रागावले असते तर फोन केला असता.

सही करायची की नाही ते तू ठरव. राजा लोकांना आवडला आहे आणि तू तो उत्तम करशील. फक्त तो बाबांसाठी करतो आहेस असं समजून करू नकोस. स्वतःसाठी केलास तर मी पहिल्या दिवशी जाऊन बघेन.

आईला हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही. ती म्हणते, पोराकडे एवढी एकच गोष्ट राहिली आहे, ती काढून घेऊ नकोस. आज मी ती काढून घेते आहे. ती बरोबर असेल आणि मी चुकत असेन. तू हे वाचून माझ्याशी बोलणं सोडशील, मग या घरात फोनची वाट बघणाऱ्या आम्ही दोघी उरू, हेही मला दिसतंय. तरी पाकीट चिकटवते.

मोठ्या भावाला,
अजून तरी जी तुझी बहीण आहे, तिच्याकडून