एकवीस दिवसांचं पाणी

ता. ३ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू, तुझी पाठ आणि तुझा तो खडखडणारा मिक्सर, तिघेही ठीक असाल असं धरून चालते.

मी बरी आहे. शिवणाचे वर्ग गेल्या महिन्यात बंद केले. पस्तीस वर्षं बायकांना माप घ्यायला शिकवलं, आता पुरे. मशीन शेजारच्या वहिनींना देऊन टाकली. ताईने मशीन दिली म्हणजे काहीतरी झालंय, असं तुझ्या मनात येईल. काही झालेलं नाही. डोळे दमलेत.

आता कामाचं. तुझे दाजी फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचे तेव्हा त्यांनी समुद्राकाठी जो जमिनीचा तुकडा घेतला होता, त्यावर मी घर बांधायचं ठरवलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बसायला जागा. पाया तूच घालायचास. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला चालणार नाही.

लेकीला कळवलं तर ती भडकली. नवऱ्याचं घर सोडल्यापासून ती आपल्या मुलीला, मुंगीला घेऊन एका भाड्याच्या खोलीत राहतेय, हे तुला माहीतच आहे. तिचं म्हणणं, येऊन पाच वर्षांच्या नातीला सांभाळायचं सोडून आईला या वयात समुद्र बघायचे डोहाळे लागलेत. बोलून तिला पटलं नसतं.

एक सांगते, फोन करू नकोस. तू अर्ध्या वाक्यात फोन ठेवतोस आणि उरलेलं अर्धं मी दोन दिवस शोधत बसते. पत्र लिही.

तुझ्यावरची माया कागदात मावेल तेवढी पाठवते.

तुझी ताई


ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवर उभ्या उभ्या वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसलो की बिगारणीच्या हातून घमेलं सुटलं. इतकी वर्षं तुला सांगून थकलो की ये इकडे राहायला, तर तुझी आपली शिवणाच्या बायकांची ढाल पुढे. शेवटी आलीस ना वळणावर!

पण आधीच सांगून ठेवतो, या कामात घाई चालणार नाही. समुद्राजवळच्या पायाला लाटेची भीती कमी, मिठाची जास्त. ते वाऱ्यातून येतं, मातीतून येतं, चोरपावलांनी काँक्रीटमध्ये शिरतं आणि सळीपर्यंत पोचतं. सळी गंजली की फुगते आणि स्लॅबला आतून फोडते. वरून भेग दिसते तोवर आतलं सगळं आटोपलेलं असतं.

हे मी कुठे शिकलो ते तुला माहीत आहे. बाबांची खोली. डॉक्टरांनी त्यांना सहा महिने दिले होते आणि त्यांना समुद्राच्या आवाजात झोपायचं होतं. मी तेवीस वर्षांचा. समोरच्याच किनाऱ्यावरची वाळू उचलली, खाऱ्या विहिरीचं पाणी ओतलं, सळ्या सरळ जमिनीवर टाकल्या आणि पाचव्या दिवशी भिंती चढवल्या. बाबा त्या खोलीत अकरा आठवडे राहिले. आई सहा वर्षं राहिली. मग जमीन फुगून फुटली, कोपऱ्यातली भिंत बसली आणि आईचा पाय तिच्याखाली सापडला. ती शेवटपर्यंत लंगडत चालली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून तुझ्या घराला जेवढे दिवस लागतील तेवढे लागतील. मुंगीला मामाआजोबांचा पापा.

रागावलीस तरी लिहीत जा, गप्प बसू नकोस.

तुझा धाकटा


ता. २४ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

रागवू कशाला? लागू देत किती दिवस लागायचे ते. उलट मीच बजावते, माझ्यासाठी म्हणून एक दिवसही कमी करू नकोस. बाबांच्या वेळी तुला घाई आम्ही सगळ्यांनी लावली होती. मीही रोज विचारत होते, झाली का रे खोली, झाली का. आईच्या पायाचा तो भार तू एकट्याने उचलत आलास, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते.

मापं पाठवते. शिवणवालीची मापं आहेत, तेव्हा इंचभरही इकडचं तिकडे व्हायला नको. पुढच्या खोलीची खिडकी पूर्वेला. दुसरी खोली लहान चालेल, पण तिला तिचं दार हवं. स्वयंपाकाचा ओटा छत्तीस इंच.

थोडा खोकला आहे, हवा बदलली की जाईल. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस, अंथरुणात बसून लिहितेय. आळस, दुसरं काही नाही.

पाठीला शेक घेत जा. आठवण राहू दे.

तुझी ताई


ता. १९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. हात रिकामा नव्हता.

खणून झालं. खाली भुसभुशीत वाळू निघाली, ती उपसून दगड-मुरमाचा भराव केला, तीन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकत. जोतं रस्त्यापेक्षा चार फूट वर घेतलंय. भरावावर साध्या काँक्रीटचा थर दिला, त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरलं, म्हणजे खालची ओल वर चढणार नाही. सळ्या लेप दिलेल्या आणल्यात, हिरव्यागार. वाहतुकीत जिथे लेप खरचटला होता तिथे मी स्वतः ब्रश घेऊन बसलो. मिस्त्री म्हणाला, मालक नखं रंगवायला बसले. सळ्यांखाली तीन-तीन इंचांचे काँक्रीटचे ठोकळे ठेवलेत, तेही घरी पाडलेले. एकही सळी जमिनीला टेकलेली नाही. टेकू देणारच नाही.

वाळूचा ट्रक दोनदा परत पाठवला. वाळूवाला शपथेवर सांगत होता की नदीचीच आहे. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि त्याला म्हटलं, तूही चाख. तो गेला मुकाट्याने.

आता तुझ्या ओट्याचं. छत्तीस इंच? ताई, तुझी उंची मला ठाऊक आहे. छत्तीस इंचांचा ओटा तुझ्या बरगड्यांना लागेल. स्टुलावर चढून भाजी चिरणार का? बत्तीस करतो.

काँक्रीट नोव्हेंबरच्या सहा तारखेला. तू यायचंस. दिवसभराचा प्रवास आहे, मी गाडी पाठवतो. खुर्ची टाकून सावलीत बस आणि सगळ्यांवर ओरड.

वाट बघणं सोडणार नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझा धाकटा


ता. ३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

ओटा छत्तीसच. वाद घालू नकोस.

सहा तारखेला जमणार नाही. प्रवास झेपायचा नाही. हे पत्र मी सांगतेय आणि शेजारच्या वहिनी लिहून घेताहेत, म्हणून अक्षर चांगलं आहे. तू मला काँक्रीटचा दिवस लिहून पाठव. पहिल्या घमेल्यापासून शेवटच्यापर्यंत, काही गाळू नकोस.

जीव लावतोस तसाच लाव.

ताई


ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पडलं, ताई, काँक्रीट पडलं. तू नव्हतीस म्हणून थोडं भांडूनच सुरुवात करणार होतो, पण आज भांडवत नाही, इतकं चांगलं झालंय.

उजाडता उजाडता सुरू केलं. वारा पडलेला होता. सिमेंट पोलादाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं, ते मिठाला दाद देत नाही. गोड्या पाण्याचा टँकर उभा होता, पण पाणी मी मोजून घालत होतो. मिश्रण घट्ट, त्यामुळे सगळे कुरकुरायला लागले. बिगारीण म्हणाली, हे ओढायचं की खणायचं. मी म्हटलं, जास्तीचं पाणी उडून जाताना मिठाला वाट करून जातं, तेव्हा आज हात दुखू देत. पश्चिमेच्या कोपऱ्यापासून भरत आलो. काँक्रीटमधली हवा काढणारा व्हायब्रेटर मी कोणाच्या हाती दिला नाही. प्रत्येक जागी बुडबुडे थांबेपर्यंत धरायचा आणि सावकाश वर काढायचा. दुपारी बाराच्या आत शेवटचं घमेलं पडलं. मिस्त्रीने थापी फिरवली. तेवढ्यात समुद्रावरून वारा सुटला. आम्ही सगळे धावत जाऊन ओली गोणपाटं घेऊन आलो आणि तान्ह्या मुलासारखा स्लॅब गुंडाळला.

आता एकवीस दिवस पाणी. या सिमेंटला ताकद हळू येते, म्हणून मुद्दाम एवढे दिवस. गोड्या पाण्याने दिवसातून चार वेळा भिजवायचा, गोणपाट वाळू द्यायचं नाही. त्यानंतरच भिंती.

खोकला गेला का? डॉक्टरला दाखव, आणि त्याचं ऐक.

उत्तर तुझ्या हाताने आलं तर जास्त गोड लागेल.

तुझा धाकटा


ता. १४ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. आई परवा, बारा तारखेला सकाळी गेली.

फुप्फुसांचं होतं. जुलैपासून तिला माहीत होतं. मला नोव्हेंबरच्या नऊ तारखेला कळलं, तेही शेजारच्या वहिनींनी न राहवून फोन केला म्हणून. मी आणि मुंगी पोचलो तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. फोन करू नकोस, असं तिने तुम्हाला लिहिलं ते यासाठीच. तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं.

तुमचं आठ तारखेचं पत्र अकराला मिळालं. मी तिला वाचून दाखवलं. संपल्यावर तिने बोटाने खूण केली, पुन्हा. गोणपाटांचं वाचत होते तेव्हा ती हसली. मग तिने पाटी मागितली. मी रडत विचारलं होतं की निदान मामाला तरी का नाही सांगितलंस. तिने लिहिलं, त्याला कळलं असतं तर मी यावी म्हणून त्याने पाचव्या दिवशी भिंती चढवल्या असत्या.

घराची जागा माझ्या नावावर आहे, मामा. तिने जुलैतच कागद केले होते. छत्तीस इंच हे माझं माप आहे, मी बाबांवर गेलेय. दार असलेली लहान खोली मुंगीची. मला सांगितलं असतं तर मी ताठ्याने नको म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं. आणि मी तिला काय म्हटलं होतं माहीत आहे? तुला लेकीपेक्षा समुद्र जवळचा. ऑगस्टमध्ये म्हटलं. त्यानंतर अडीच महिने मी तिला एक पत्र टाकलं नाही.

मला ते घर नको. तिथे कुठल्या तोंडाने राहू? तुम्हाला हवं ते करा त्याचं.

तुमच्याशिवाय आता मोठं कोणी उरलं नाही.

तुमची भाची


ता. १९ नोव्हेंबर

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मला स्लॅबवरच मिळालं. एका हातात पाण्याचा पाइप होता. पाणी एकाच जागी पडत होतं. मिस्त्रीने येऊन हातातून पाइप घेतला आणि पुढचं भिजवायला लागला.

ती खरं बोलली. मला कळलं असतं तर मी पाचव्या दिवशी भिंती चढवल्या असत्या. वर पत्र्याचं छप्पर टाकून तिला त्या खिडकीत आणून बसवलं असतं. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो, पण तेवीस वर्षांचा तो पोरगा माझ्यात अजून आहे, आणि तो तिला दिसत होता.

मी तिच्यावर रागावलोय. हे तुलाच सांगू शकतो. तिने मला निरोपाचीही संधी दिली नाही. आणि मी तरी काय केलं? पानंच्या पानं सळ्या आणि सिमेंट लिहीत बसलो. मशीन दिली, खोकला आहे, अंथरुणात बसून लिहितेय, सगळं समोर होतं. लोकांचे पाये ठोकून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस मी. बहिणीच्या पत्रात मला कळलं नाही.

तू तिला जे बोललीस, ते मुलं आईला बोलतात. तिने ते मनावर घेतलं असतं तर माझ्याशी ओट्याच्या चार इंचांवरून भांडली नसती. अडीच महिन्यांचं मी काही सांगत नाही. ते तुझ्यापाशी राहील, जसा आईचा पाय माझ्यापाशी राहिला. त्याच्यासकट जगता येतं, एवढं मात्र मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

घराचं आत्ता काही ठरवू नकोस. नको असेल तर नको, मी शब्दाने आग्रह करणार नाही. काँक्रीटच्या सात दिवसांच्या चाचणीचा निकाल चांगला आलाय. तुझं पत्र आल्यावर माणसं दुसऱ्या साइटवर पाठवलीत. इथे मी एकटाच पाणी मारतो. आज तेरावा दिवस. आठ दिवस राहिलेत, तेवढे मी पुरे करणार आहे, घर कोणाचंही होवो.

मुंगीला जेवायला लाव, आणि तूही चार घास खा.

तुझा मामा


ता. २२ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. घराचं मी अजून ठरवलेलं नाही, आणि तुम्ही विचारतही नाही, हे बरं वाटतं.

पण एकट्याने पाणी मारताय हे वाचल्यापासून इथे बसवत नाही. सुट्टी मिळालीय. मंगळवारी सकाळी निघून संध्याकाळी पोचतो. मुंगीने विचारलं, तिथे आजी आहे का. मी नाही म्हटलं. मग तिथे काय आहे, म्हणाली. मी म्हटलं, आजीने आपल्यासाठी घातलेली जमीन आहे आणि ती अजून ओली आहे. तिने तिची रंगीत बादली बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय.

मी पोचेपर्यंत पाठ सांभाळा. पण गोणपाट वाळू देऊ नका, मामा. उरलेलं पाणी मी घालेन.

तुमची भाची