उजव्या हातातल्या बांगड्या

७ सप्टेंबर १९८६, वेसावे

आज पुन्हा देशच निघाला! अंधेरीला शाळेच्या हॉलमध्ये अभ्यासमंडळाचा सिनेमा होता. साधी गोष्ट — एका विधवेची म्हैस हरवते, ती रानोमाळ शोधत हिंडते. मला रडू आलं. दिवे लागले आणि आमच्या कॉलेजातले मराठीचे प्रमुख, विद्याधर सर, उठले. विधवा म्हणजे भारतमाता. म्हैस म्हणजे पंचवार्षिक योजना! सगळ्यांनी माना डोलावल्या. मध्येच पडदा पांढरा झाला होता, त्याचाही अर्थ निघाला — स्वप्नभंग म्हणे. प्रोजेक्टरवाला मार्कस मागून ओरडला, “सर, बेल्ट तुटलेला ना!” कुणी हसलं नाही. मी हसले.

१४ सप्टेंबर

मंडळात माझी गोष्ट वाचली. पहिल्यांदाच.

गोष्ट आईची. आमच्या कोळ्यांत लग्नाच्या वेळी बायको उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देते — माझा नवरा सांभाळ, मी हा हात रिकामा ठेवते. मग जन्मभर बांगड्या फक्त डाव्या हातात. माझी पुतळाबाई म्हावरं विकून घरी येते, उजव्या हाताचे खवले धुते, नवऱ्याचं ताट झाकून ठेवते. संपली गोष्ट.

सर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. पण नाही! “एक हात भरलेला, एक रिकामा. अर्धवट स्वातंत्र्य!” वह्या निघाल्या, भराभर लिहून घेतलं. मी म्हटलं, “सर, ती माझी आई आहे.”

“घरी असेल. कथेत ती देश आहे.”

घरी आले तर देश बोंबील साफ करत होता. वर मलाच ओरडला, उशीर का केलास म्हणून.

१६ सप्टेंबर

सरांचा दिवाळी अंक निघतो. गोष्ट छापणार! पण शेवट बदलायचा. बाईने उठून उजवा हातही बांगड्यांनी भरायचा. “देश जागा व्हायला हवा, बाई. तुमचा देश ताटं झाकतोय!”

या माणसाने एकदा तरी मासळी बाजारात पाय ठेवलाय का? तिथे कुणाची हिंमत आहे माझ्या आईला झोपलेली म्हणायची!

१९ सप्टेंबर

नाही बदलणार. गेला खड्ड्यात अंक.

२४ सप्टेंबर

बदलला.

एक वाक्य तर आहे! आईला वाचता येत नाही. आणि माझं नाव छापून येईल. नावाचा मोह मला आहे, कशाला लपवू? सर खूश. “आता ती राष्ट्रीय झाली.” मूर्ख माणूस. मीही त्याच्यापुढे मान डोलावली.

२६ ऑक्टोबर

अंक आला. शेजारची रत्नप्रभा नाचत घरी घेऊन आली आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागली. आई कोलंबी सोलता सोलता ऐकत होती, गालात हसत होती — “माझाच गो लिवलाय सगला.” मी रत्नप्रभाला खुणा करत होते. तिचं लक्ष असेल तर ना! ती शेवटापर्यंत वाचत गेली.

आईचा हात थांबला. “उजवा हात भरला? न् तिचा नवरा कुठं गेला?”

“कुठे नाही गं. ती तू नाहीस. ती देश आहे.”

हे माझ्याच तोंडून आलं! सरांचं वाक्य, जसंच्या तसं.

“देशाचा मला नको सांगू. दर्याला दिलेला परत घेतला तर दर्या नवरा ठेवील? तुझा बापूस भायेर हाय. आज नाव यायची व्हती.”

रत्नप्रभा गुपचूप उठून गेली. मला आईचा राग आला — एवढं काय! छापील कागदाने होड्या बुडतात का? मग ओट्यावर उभी राहून मीही दर्याकडेच बघत होते.

२७ ऑक्टोबर

नाव नाही. बाकीच्या आल्या. विचारलं तर म्हणतात, अनंताची, म्हणजे बाबांची, नाव दिसली नाही. आई माझ्याशी बोलत नाही. सरांचा निरोप मात्र आला — रविवारी माझ्या गोष्टीवर चर्चा, विषय ‘रिकामा हात ते भरलेला हात’. निरोप आणणाऱ्यावरच ओरडले. मला भीती वाटते. खरंच वाटते.

२८ ऑक्टोबर

नाही आली. आई पहाटेच दर्याकडे गेली, आली ती डोक्यावरून पदर घेऊन, हात पदरात. काही खाल्लं नाही. मी देवापुढे दिवा लावला. कॉलेजात कुणाला सांगायची सोय नाही.

२९ ऑक्टोबर

नाव आली! इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या नावेने ओढून आणली. बाबा धडधाकट. उडी मारून उतरले, आईसमोर आले आणि जागच्या जागी थांबले. आईचा डावा हातही रिकामा होता.

“कोन मेला गो?”

“कुनी नाय. पोरीनं लिवलेला, ता निस्तरला.”