साठ हातांवरची विहीर

आई, विहीर सापडली! तू स्वतःच्या हातानं मोजून ठेवलेली आपली जुनी विहीर आज दुपारी सापडली, आणि हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजाच नाही. माझ्या नखांत अजून माती आहे.

बोअर आटलंय. मोर्शीहून टँकर येतो, तोही कधीमधी. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं बोराएवढी असतानाच गळू लागली, तेव्हा दादानं मला अकोल्याला फोन केला, "बाई, बाग तोडतो आता. पाहाले याचं असन त ये." मी पहिल्या बसनं निघाले. रस्ताभर तूच दिसत होतीस, मी लहान असतानाची. नवं बोअर लागलंय, म्हणून बाबा विहिरीवर फरशा टाकून माती लोटायला निघाले आहेत. आणि तू आंब्याच्या बुंध्यापासून धुऱ्याच्या बांधावरल्या दगडाकडे रांगत निघाली आहेस. कोपर टेकवून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, तिथून पुढे दुसरा. बाबा हसतायत. "हसा तुमी," तू म्हणतेस, "उद्या हे बोअर आटलं त मंग विहीर कुठी शोधाची?" मी शेजारी तुझी नक्कल करते, तर मलाच झापतेस, "बोटं सरळ ठेव! हात मोजून राहिली का मांजर चुचकारून राहिली?" विहिरीपाशी साठ हात भरले. तो आकडा तू माझ्याकडून घोकून घेतलास.

दादाला हे सांगितलं, तशी त्यानं जेसीबी बोलावली. "हात म्हंजे दीड फूट," म्हणाला आणि टेप लावला. चांगला खोल खड्डा झाला, पण निघाला नुसता मुरूम. तो धुऱ्यावर जाऊन बसला. बाबांसारखे त्याचे लांब हात गुडघ्यांवरून खाली लोंबत होते. ते पाहता पाहता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दीड फुटाचा हात तुझा कुठला! तू बाबांच्या खांद्यालाही पुरत नव्हतीस. तुझ्या पाटल्या घरात फक्त मला होतात. मी चप्पल काढली आणि आंब्याशी कोपर टेकवलं.

"अवं बाई, काय करून राहिली?" दादा ओरडला. जेसीबीवाला मोबाईल काढून शूटिंग करू लागला. या वयात गुडघे कुरकुरतात गं, पण मी थांबले नाही. दादाच्या खड्ड्याच्या बरीच अलीकडे उभी राहिले आणि म्हणाले, "इथं."

थोडी माती निघाली आणि खणकन आवाज आला. फरशी! ती सरकवली तसा आतून गार, ओलसर वास वर आला. दादानं दोराला दगड बांधून आत सोडला, वर ओढला, ओल्या दोराचं टोक पायाखाली धरलं आणि हात डोक्यावर ताणून मोजलं. "दोन परस पानी हाये!" हात उंचावलेली दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं पाणी, आई! एवढा पन्नाशीचा माणूस, पण जेसीबीवाल्याला मिठी मारून रडला. संध्याकाळी मोटर बसली. आता मी ओट्यावर बसून लिहितेय आणि बागेत पाणी चाललंय, त्याचा आवाज इथवर येतो.

सगळ्यांना वाटतंय, मी बरोब्बर साठ मोजले. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. दादा ओरडला ना, तेव्हाच माझा आकडा चुकला. पुढचे हात मी अंदाजानंच टाकले, आणि तू जिथे दमून बसली असशील असं वाटलं, तिथे थांबले.