त्रेंबेसीच्या मैदानावरच्या तीन मिरच्या

धाकट्या बहिणीस, दिक लास्मिनीस, तुमिराचा सलाम आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

तुमिरा कोण, असा प्रश्न पडला असेल तर सांगते. तुमिरा ही तुझी सख्खी थोरली बहीण. वरिंगिनसारीत राहते, अजून जिवंत आहे, आणि गेल्या ईदला 'येतेच म्बाकयू' असं तू ताईला म्हणाली होतीस तेव्हापासून दारातल्या बाकावर बसून आहे. आपल्या दोघींत शाळेत तू गेलीस. आई म्हणायची, धाकटीला अक्षरं येऊ देत, थोरलीला टोफू तळता आला तरी पुरे. आता बघ, अक्षरं शिकलेलीला काही आठवत नाही, आणि माझ्या डोक्यातून काही म्हणता काही जात नाही. हे पत्र माझी सून यायुक लिहिते आहे. तिचं अक्षर चांगलं आहे, पण माझं बोलणं पसंत पडलं नाही की तिचं पेन आपोआप थांबतं, म्हणून मी दर चार ओळींनी वाचून घेते. (यायुक, हेही लिही. लिहिलंस? वाच.) फोन का नाही केला, असं विचारू नकोस. फोनवर मैदानाचं नाव निघालं की तुझ्या दाराशी लगेच कोणीतरी आलेलं असतं. हे पत्र बसचा कंडक्टर तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत हलणार नाही, तसं मी त्याला बजावलं आहे. त्याला चहा दे.

तुझे गुडघे कसे आहेत? साखर? तुझ्या रुसदीची कवळी बसली का? सगळा गोल झाकून उड्या मारणारा तो माणूस आता केळंसुद्धा दोन्ही हातांनी धरतो, असं ऐकलं. त्यालाही माझा सलाम सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलेलं आहे, आणि त्याचं कारण वारसितो.

वारसितो तुला आठवत नसणार, म्हणून सांगते. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी भोंग्यावरून बोलायचा तो उंच, मोठ्या कानांचा. पुढे कचेरीत कारकून झाला, निवृत्त झाला, आणि आता जुन्या प्रेक्षकांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मंडळ कसलं, तर नसलेल्या मैदानाचं. त्रेंबेसीचं मैदान पाडलं ते तुला माहीत आहे (तुमच्या सुंबेरजातीत त्या दिवशी आनंदाचा पिवळा भात शिजला म्हणे, तू नाही म्हणालीस, मी ऐकून घेतलं). तिथे आता मॉल आहे. उत्तरेच्या गोलामागचं ते मोठं त्रेंबेसीचं झाडही गेलं, तिथे गाड्या लावतात. तर मॉलवाल्यांना कुणीतरी सुचवलं की गाड्यांच्या आवारातली लांब भिंत रंगवा, तिच्यावर मैदानाच्या आठवणी काढा, म्हातारे लोक नातवंडांना घेऊन येतील आणि नातवंडं आइस्क्रीम मागतील. झालं. मंडळाला बोलावणं आलं, आणि जुम्म्याची नमाज झाली की सगळे म्हातारे मॉलमधल्या खाण्याच्या जागी जमून आठवणी काढू लागले.

अगं, आठवणी कसल्या, बाजार. पहिल्या दिवशी जो उठला तो म्हणाला, मी झाडावर बसून सामना बघायचो. न्हावी झाडावर, मशिदीतले मुअज्जिन झाडावर, ज्याच्या पोटामुळे तेव्हाही दोन माणसांची जागा जायची तो खाटीकसुद्धा झाडावर. मी विचारलं, "सगळा गाव झाडावर होता तर मी विकायचे तो टोफू खाली बसून कोण खात होतं?" खरं म्हणजे तिकीट काढून आत बसलो होतो, असं सांगायची सगळ्यांना लाज वाटते. भिंतीवरून उडी मारली, गटारातून सरपटत गेलो, बँडवाल्यांच्या ढोलात लपून आत शिरलो, असलं सांगितलं की समोरचे माना डोलवतात. लाकडी बाकांची ती रांग आपल्या गोलाला एकदम उठली की कशी करकरायची, लवंगेच्या सिगारेटींचा धूर कसा इतका दाटायचा की पलीकडचा गोल दिसायचा नाही, शेंगांची टरफलं चपलेत जाऊन घरापर्यंत कशी यायची, हे कोणी सांगेना. मी सांगितलं तर वारसितो म्हणाला, म्बाह (स्वतः म्हातारा, आणि मला आजी म्हणतो), टरफलं भिंतीवर शोभत नाहीत.

त्या सगळ्यांत खरा एकच, पाइदी. आपला पुढचा खेळाडू पाइदी, ज्याच्या पायात चेंडू गेला की आई डोळे मिटायची. आता ऐंशीच्या घरात आहे. तो आठवणी सांगत नाही. तो मॉलमध्ये येतो आणि बायकांच्या संडासाच्या दारासमोर हात मागे बांधून उभा राहतो. चौकीदाराने त्याला तीनदा बाहेर काढला. त्याला काय ठाऊक, की उत्तरेच्या गोलाची रेघ बरोबर त्या दारातून जात होती आणि पाइदीचा चेंडू तिथेच रुतला होता.

आता दाराशी कोणी आलंय असं म्हणून उठू नकोस. बस खाली. कंडक्टर बघतो आहे.

दुसऱ्या जुम्म्याला वारसितो उठला आणि म्हणाला, भिंतीवरचं सगळ्यात मोठं चित्र सुंबेरजातीशी झालेल्या त्या फायनलचं हवं. मी म्हटलं, हवंच. पुढे म्हणतो, मुसळधार पाऊस, रेघेवर चिखलात रुतलेला चेंडू, आणि कोपऱ्यात हातात मिरच्यांची काडी घेतलेली मुलगी. खाली मोठ्या अक्षरात: 'पाऊस आणणारी मुलगी'. लोकांना गंमत वाटेल, फोटो काढतील. आणि सगळे हसले, लास्मी. झाडावरचे, गटारातले, ढोलातले, सगळे. सुंबेरजातीतसुद्धा त्यावर एवढं कोणी हसत नसेल.

मी हसले नाही. मला दिसत होती तू, सोळा वर्षांची, नवी ओढणी घेतलेली. घरातल्या शेंडेफळाने, तेही कुमारिकेने, नारळाच्या हिराच्या काडीवर लाल मिरच्या आणि छोटा कांदा टोचून ती मैदानाच्या कडेला रोवली की पाऊस वेशीवर थांबतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. तीन वर्षं काडी तूच रोवलीस, आणि तीन वर्षं ढग भिंतीपर्यंत येऊन परत गेले. मग त्या फायनलला उत्तरार्धात आभाळ फाटलं, पाइदीचा चेंडू रुसदीला चकवून रेघेपर्यंत गेला आणि चिखलात बसला, आणि शेवटी त्यांनीच एक गोल केला. त्या संध्याकाळी गावाला कोणाच्या पायाची चूक दिसली नाही. गावाला दिसलं एवढंच, की काडी रोवणारी पोर कुमारिका नसणार. पुढे तू त्यांच्याच गोलकीपरशी, रुसदीशी लग्न केलंस, तेव्हा तर साक्षीपुराव्यासकट निकाल लागला. आई विहिरीवर जायची थांबली. आणि तू, आई गेल्यावर सातव्या दिवसाच्या दुवेला मागच्या दाराने आलीस आणि मागच्याच दाराने गेलीस. दीड तासाच्या बसच्या रस्त्याला तू आयुष्य लावलंस, आणि हे म्हणतात गंमत.

तिथे मी काही बोलले नाही (यायुक म्हणते बोललात, पण ते लिहिण्यासारखं नव्हतं). घरी येऊन विचार केला. म्हाताऱ्यांशी वाद घालून कोणी जिंकत नाही. त्यांना खायला घालावं लागतं. म्हणून तिसऱ्या जुम्म्याला पहाटे उठून टोफू तळला. कढई तीच, मैदानावरची. घमेलंभर टोफू आणि पिशवीभर मिरच्या घेऊन गेले. बेत असा की तोंडं भरलेली असताना विषय काढायचा, म्हणजे कोणाला पटकन नाही म्हणता येणार नाही.

तोंडं भरली. न्हाव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, हीच चव. खाटकाने शर्टाला हात पुसले, अगदी तेव्हासारखे. आणि वारसितो, दोन्ही गाल फुगलेले, डोळे मिटून आठवणीत शिरला. भोंग्यावर बोलून सवय, थांबायचं कुठे हे त्याला कधीच कळलं नाही. सांगू लागला, की फायनलच्या दिवशी मध्यंतरात भोंगा बंद करून तो टोफू घेऊन उत्तरेच्या गोलामागे झाडाखाली जाऊन बसला. (बघ, बसला झाडाखाली. दोन आठवडे सगळ्यांना झाडावर होतो म्हणून सांगत होता.) टोफू कसा गरम होता, वाफ कशी येत होती, पण तुमिरा बाई कशी चिकट, दोन टोफूंवर एकच मिरची द्यायची. तोंडातल्या टोफूत मिरची नाही म्हणजे, तो म्हणाला, नवरा नसलेली वरात.

"मग काय केलंत?" मी विचारलं. मला खरंच काही माहीत नव्हतं, मी तर चिकट म्हटल्याचा राग गिळत होते.

"अल्लाची कृपा," तो म्हणाला. "बाजूलाच कुणाची तरी काडी होती जमिनीत खोचलेली. तीन लालभडक मिरच्या. तसल्या मिरच्या पुन्हा नाही खाल्ल्या."

लास्मी, सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. न्हाव्याचा हात तोंडापाशी थांबला. वारसितो अजून हसत होता, मग त्याला एकेक चेहरा दिसू लागला, मग हसणं कडेकडेने उतरलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण याला खवखवायला इतकी वर्षं लागली.

पाइदी उठला. हळूहळू चालत टेबलाशी आला, दोन्ही हात टेकले, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कांदापण खाल्लास?"

"कांदा उग्र होता," वारसितो म्हणाला. "अर्धाच."

मग जो गोंधळ झाला तो सांगायला दुसरं पत्र लागेल. खाटीक म्हणाला, इतकी वर्षं तुझ्या पोरांच्या लग्नात जेवलो, उलटून पडलं पाहिजे. न्हावी म्हणाला, यापुढे दाढी दुसरीकडे कर. वारसितोने खूप हातपाय मारले. म्हणाला, काडीची काडी तर जागेवरच होती. म्हणाला, पावसाळ्याचा महिना होता, पाऊस आला त्यात नवल काय. (हे म्हणायला त्याला आज सुचलं. तेव्हा भोंग्यावरून तुझं नाव घेताना नाही सुचलं.) शेवटी माझ्यावर घसरला, की म्बाहने मिरच्या सढळ हाताने दिल्या असत्या तर आपण फायनलची ढाल जिंकलो असतो. मी म्हटलं, त्या वर्षीचा मिरचीचा भाव तुला माहीत आहे का? आणि गिऱ्हाइकाने मिरची कमी पडली म्हणून पाऊस अडवणारी काडी चावली, असं कोणत्या टोफूवालीच्या अंदाजात बसतं?

मग वारसितो म्हणू लागला, ते चित्रच नको, काही आठवणी मनातच बऱ्या. पाइदीने मान हलवली. म्हणाला, चित्र काढायचं, पण खरं काढायचं. रंगाऱ्याने परवा कोळशाने आखून ठेवलं आहे. पाऊस तोच, चेंडू तोच, आणि मध्ये झाडाखाली मोठ्या कानांचा एक माणूस, एका हातात टोफू, दुसऱ्या हातात रिकामी काडी. कान इतके हुबेहूब आहेत, की वारसितोचा नातू तिथे जाऊन 'आजोबा' म्हणून ओरडला. तुझं नाव नाही, ओढणी नाही, काही नाही. पाइदी आता संडासासमोर उभा राहत नाही. भिंतीसमोर उभा राहतो. चौकीदारही सुटला.

तर ही सगळी हकिकत. तुला कळावी एवढाच हेतू, दुसरं काही मागणं नाही. सगळ्यांना यथायोग्य सलाम, लहानांना पापा.

तुझी थोरली बहीण,
तुमिरा (अंगठा)

ता. क. मागणं नाही म्हटलं ते शोभेसाठी होतं. भिंतीचं उद्घाटन येत्या रविवारी आहे. उघड्यावर, ऐन पावसाळ्यात, मॉलवाल्यांचं डोकं ते. मंडळाने ठरवलं की काडी रोवायची, आणि ती तूच रोवायची. मी विचारलं, कुमारिकेच्या अटीचं काय? पाइदी म्हणाला, या वयात माणूस ती अट आपोआप पुन्हा पाळू लागतो. मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं आहे. सकाळच्या बसने ये, मोठ्या रस्त्याने ये, पुढच्या दाराने ये. मी दंड धरून चालेन, म्हणजे कोण कोणाला धरतंय ते कळणार नाही. आणि येताना रुसदीला आण. पाइदीला त्याला विचारायचं आहे, चेंडू रुतला नसता तर अडवला असतास का. त्याला म्हणावं, नाही म्हण.

ता. क. दुसरा. यायुकने आत्ता पेन खाली ठेवून मला विचारलं, की मावशींच्या मुलाचा, तेगुहचा जन्म कधीचा, लग्न कधीचं आणि फायनल कधीची. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही तसं मोजताही येत नाही. (हे लिहिताना ती हसते आहे.) जन्मभर टोफूची सुटी नाणी मोजलेल्या बाईने हे बोलताना सुनेच्या तोंडाकडे बघू नये, एवढं मी पाळलं. रुसदी सामन्यांच्या आदल्या रात्री आपल्याकडे येऊन केवढा टोफू खायचा ते मी बघत होते, लास्मी. इतका टोफू कोणी भुकेने खात नाही. पण पाऊस वारसितोने आणला, हे आता भिंतीवर काढलेलं आहे, आणि भिंतीशी वाद घालू नये. हा कागद वाचून झाला की चुलीत घाल.

आणि हो, टोफू आणू नकोस, तो मी तळते. कंडक्टरबरोबर आजच्याच परतीच्या फेरीत तुझ्या परसातल्या लाल मिरच्या पाठव. दोन पुड्या कर. एक छोटी, काडीसाठी, आणि एक चांगली मोठी, वारसितोसाठी.