महिन्यातला एक शुक्रवार

साहेब, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचं रागावणं आठवावं लागतं. तसे तुम्ही कोणावर फारसे रागावत नसत. माझ्यावर रागावलात ते मी रजा घेत नाही म्हणून, हे आजही कोणाला सांगितलं तर माणसं हसतात. रजा मिळाली नाही म्हणून रडणाऱ्या बायका मी बँकेत पुष्कळ पाहिल्या. रजा दिली म्हणून रडलेली बहुधा मी एकटीच.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. सिल्वासाची आपली शाखा तेव्हा लहान, तुम्ही तिचे मॅनेजर. जवळच्या सायली गावात एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि आमच्या धुळ्याकडची माणसं कामाला येत होती. आमचे हेही त्यातलेच. त्यांच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, माझी रविवारी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण अख्खा दिवस एकमेकांसमोर असा मिळालाच नव्हता. शुक्रवारी ते स्वतः स्वयंपाक करून माझा डबा बँकेत आणत आणि मी जेवेपर्यंत बाकावर बसून राहत. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट मिरवायचे मी. बचत खात्यांचा काउंटर माझा होता. रांध्याहून, सुरंगीहून आलेल्या बायका माझ्याशिवाय कोणाच्या हातात पासबुक देत नसत. मी एक दिवस आले नाही तर शाखेचं काही खरं नाही, असं मी अगदी मनापासून समजत होते.

एका शुक्रवारी तुम्ही ह्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसलात. काय काय विचारलंत ते मला काउंटरवरून ऐकू आलं नाही. संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलंत आणि म्हणालात, पुढच्या शुक्रवारी रजा घ्या. मी म्हणाले, मला गरज नाही. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात.

"बाई, रजा न घेणारा माणूस बँकेला परवडत नाही. हल्ली तुमच्या हातून चुका होतायत आणि दुपारनंतर तुम्ही लोकांवर खेकसता. रजा घ्या. मी विचारत नाहीये, सांगतोय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बँकेत कोणी वर्षानुवर्षं खुर्ची सोडत नसेल, तर त्या खुर्चीखाली काहीतरी दडवलंय असं वरचे लोक समजतात, हे नोकरीला लागल्यापासून ऐकलेलं. म्हणजे तुम्हाला माझ्या सचोटीचीच शंका आली होती. मला घरी बसवून माझी कागदपत्रं तपासायची होती. मी रडले, आणि अर्जात मुद्दाम लिहिलं, 'आपल्या आदेशावरून'. तुम्ही ते वाचून सही केलीत.

त्या शुक्रवारी हे पहाटेपासून खुशीत. वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. आमच्या त्या दीड खोलीच्या स्वयंपाकघरात धूर भरलाय आणि हे डोळे चोळत म्हणतायत, "चाल, खानवेलले जाऊत, नदीवर बसू." माझं कुठे लक्ष आहे? कोथिंबीर आणते म्हणून पिशवी घेऊन निघते ती थेट बँकेसमोरच्या चहाच्या टपरीआड जाऊन उभी राहते. आपल्याच बँकेवर पाळत ठेवणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल.

दार उघडं होतं. आत माझ्या काउंटरवर बायकांची रांग, आणि माझ्या खुर्चीत तुम्ही. काही तपासत नव्हतात. पासबुकं भरत होतात, चष्मा कपाळावर चढवून, अगदी हळू, एकेकीला नाव विचारत. एक म्हातारी बाहेर आली, तिला मी पदर तोंडावर ओढून विचारलं, आत कोण बसलंय? ती म्हणाली, "मोटो साहेब बसलाय. तुमची बाई नवऱ्यासंगे फिरायला गेली, असं सांगतो तो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी आले तेव्हा भरीत गार झालं होतं, आणि हे न जेवता बसले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कुठे जाऊन आलात? मी म्हणाले, कुठेच नाही. "मग रजा फुकट घालवलीत," म्हणालात आणि कामाला लागलात. त्यानंतर महिन्यातला एक शुक्रवार तुम्ही माझ्या नावाने राखून ठेवलात, तुमची बदली होईपर्यंत. त्या शुक्रवारांत आम्ही खानवेल पाहिलं, भांडलो, दिवसभर झोपलो, एकमेकांचे झालो. माझ्या चुका कमी झाल्या, खेकसणंही. नंतर मी वरच्या पदाची परीक्षा पास झाले, त्याचं श्रेय लोक माझ्या कष्टांना देतात. मी लोकांना तसंच समजू देते.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना तुम्ही पुन्हा सिल्वासाला आलात, आणि आता मी तुमच्या हाताखाली अधिकारी. तुमच्या पत्नी कोकणात गावी, सासूचं करायला राहिलेल्या. तुम्ही इथे एका खोलीत. दुसऱ्यांच्या रजा अडू नयेत म्हणून त्यांची कामं ओढून घेणारे तुम्ही, तुमचं काम ओढून घ्यायला कोण होतं? मीच होते. माझा शुक्रवार मात्र तुम्ही न सांगता पुन्हा सुरू केला होतात. तो मी माझा हक्कच धरून चालले होते.

हे पत्र मी कुठे पाठवणार? वहीतच राहील. म्हणूनच एक गोष्ट लिहिते, जी मी ह्यांनाही सांगितलेली नाही. एका बुधवारी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, उभेच राहिलात.

"चार दिवस गावी जाऊन येईन म्हणतो. काम काही नाही, सहज जावंसं वाटतंय. तुम्ही बघाल ना इथलं?"

त्या शुक्रवारी आमचं दमणला जायचं ठरलं होतं. मी म्हणाले, "साहेब, त्यात शुक्रवार येतोय."

"हां, खरंच की," तुम्ही म्हणालात. "मग पुढच्या महिन्यात बघू."

आम्ही दमणला गेलो. तीन आठवड्यांनी, सकाळी आंघोळीचं पाणी तापत असताना, तुम्ही गेलात. शोकसभेत मला बोलायला लावलं. मी म्हणाले, साहेबांनी आम्हाला रजा घ्यायला शिकवलं, स्वतः मात्र कधी रजा मागितली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, तुमच्या मंडळींनी पदर डोळ्यांना लावला. साहेब, तुम्ही मागितली होतीत. माझ्याकडे.