किल्लेदार आणि इतर

७ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३.१०, स्टाफरूम

सूड.

(हा शब्द लाल पेनने लिहायचा होता. लाल पेन किल्लेदारने नेलंय. तेही लक्षात ठेवायचं.)

कॉलेजचा यंदाचा संशोधन निधी सगळाच्या सगळा केमिस्ट्रीच्या निशांत किल्लेदारला. विषय: काजूच्या टरफलाचं तेल. माझा प्रस्ताव, 'मानपान आणि ग्रामीण जीवन: एक चिकित्सक अभ्यास, खंड पहिला', परत. त्यावर पेन्सिलीने शेरा: 'यातून निष्पन्न काय होणार?' सत्तावीस वर्षं समाजशास्त्र शिकवतोय, हा प्रश्न आजवर मला विद्यार्थ्यांनीसुद्धा विचारलेला नाही.

वर किल्लेदार सगळ्यांसमोर म्हणाला की सर, तुमच्या विषयाला निधी कशाला, दोन कप चहा पाजला की माणसं सगळं सांगतात. सगळे हसले. प्राचार्यही. मीही हसलो, पण डावपेच म्हणून.

संकल्प: आता सरकारकडूनच समाजशास्त्राला निधी आणायचा. किल्लेदारच्या नाकावर टिच्चून. यात वैयक्तिक काही नाही.

शिवाय आरोहीचा प्रश्न आहेच. आरोही बिर्जे, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. दोन वर्षं खानापूर तालुक्यातल्या अकरा गावांत फिरतेय. सरकार फुकट देतं ते लोक का घेत नाहीत, असा काहीतरी विषय. तिची स्कॉलरशिप ३१ मार्चला संपते. पुढे निधी नाही आला तर अभ्यास अर्धा टाकून कापडाच्या शोरूममध्ये काउंटरवर उभी राहणार. वडिलांनी बोलून ठेवलंय. तेव्हा माझं कारण उदात्तच आहे.

८ जानेवारी, बुधवार

शत्रूंची यादी केली. सकाळी चार नावं. संध्याकाळी अकरा. विनोदिनीने विचारलं की अहो, यात इस्त्रीवाला कशाला. म्हटलं, किल्लेदारचे शर्ट तो आधी देतो. ती म्हणाली की त्यांचे शर्ट ते वेळेवर टाकतात. बायकोचं नाव यादीत घालावं की नाही यावर विचार केला. तूर्त नाही.

१३ जानेवारी, सोमवार

बहिष्काराचा पाचवा दिवस. किल्लेदार स्टाफरूममध्ये असेल तोवर तिथला चहा घ्यायचा नाही. तो दिवसभर तिथेच असतो. डोकं ठणकतंय.

गुरुवारी निषेध म्हणून स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. आज चौथा दिवस, कुणाच्या लक्षात नाही. मात्र परीक्षेचं वेळापत्रक ग्रुपवर आलं म्हणे, त्यामुळे परत घ्या म्हणावं लागलं. ॲडमिन किल्लेदार. लगेच घेतलं, वर नमस्काराचे दोन हात पाठवले. खिजवतोय.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ११

चालून आली संधी! राज्याची संशोधन निधी समिती २० फेब्रुवारीला बेळगावात येतेय. पुढच्या वर्षी कुठल्या विषयाला किती द्यायचं हे ठरवायला सगळ्यांचं ऐकून घेणार. सामाजिक शास्त्रांना दहा मिनिटं.

नऊ मिनिटं मी. एक मिनिट आरोही (प्रती वाटणे).

निवेदनाचा मसुदा बसल्या बैठकीत लिहिला. बावीस पानं. आरोहीने वाचून विचारलं की सर, यातली पंधरा पानं काजूवर का आहेत. तिला अजून संशोधनाची दिशा सापडलेली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आरोहीने गावातली एक गोष्ट सांगितली. डोळे तपासायला शहरातून फुकट व्हॅन जाते. ऑपरेशन फुकट, जेवण फुकट. तीन वेळा गेली, तिन्ही वेळा जवळजवळ रिकामी परत. अधिकाऱ्यांनी लिहून टाकलं, 'जनजागृतीचा अभाव'. आरोही मालुबाई नावाच्या एका म्हातारीकडे चार दिवस भाकऱ्या थापायला बसली. चौथ्या दिवशी मालुबाई म्हणाली की पोरी, आमी गरीब न्हाय, डोळ्याला दिसत न्हाय एवढंच. व्हॅनवर हातभर बोर्ड होता, 'गरीब व गरजूंसाठी'. त्या बोर्डाखाली उभी राहिलेली गावानं बघितली तर भाऊ काय म्हणंल, अशी तिची अडचण.

आरोहीने डॉक्टरांना विनवून तो बोर्ड काढायला लावला. पुढच्या खेपेला तेवीस बायका. मालुबाई सगळ्यांत पुढे, ड्रायव्हरशेजारी.

आरोही म्हणते की सर, हेच सांगू या. व्हॅनला, डिझेलला, डॉक्टरांना पैसे आहेत. लोक का चढत नाहीत हे विचारायला माणूस नाही. तो माणूस ठेवायला निधी द्या, एवढंच म्हणू या.

गोष्ट बरी आहे. पण किल्लेदारवर घाव बसेल इतकी धार तिला नाही. परिशिष्टात घालू म्हटलं.

खेड्यातली माणसं एका शब्दासाठी स्वतःचं केवढं नुकसान करून घेतात, नाही? कमाल आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

नुसतं निवेदन कोण वाचतं? मागे संघटना हवी. 'सामाजिक शास्त्र निधी संघर्ष समिती, बेळगाव–निपाणी विभाग' स्थापन. लेटरहेड छापायला दिलं. अध्यक्ष: मी. निपाणी विभागप्रमुख: निवृत्त मुख्याध्यापक नागोजी गुरुजी. निपाणी विभागात तूर्त तेच एक आहेत.

मसुद्यानंतर निवेदनाला हात लागलेला नाही. नावांचा क्रम लावतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निपाणी विभाग फुटला. गुरुजींनी फोनवर विचारलं की बेळगाव आधी का. म्हटलं, अकारविल्हे ब आधी येतो. ते म्हणाले की आरं, न येतो आधी, तू काय शिकीवतोस पोरास्नी. फोन आपटला. नाव यादीत घेतलं. बारावं.

लेटरहेडवर 'निपाणी' काळ्या पेनने खोडतोय. पाचशे प्रती आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५

चहा बाजूला ठेवून लिहितो.

काल आमच्या संघर्ष समितीची बैठक झाली, कॉलेजच्या हॉलमध्ये. आज पेपरात बातमी. 'बैठकीस प्रा. निशांत किल्लेदार, आरोही बिर्जे, विनोदिनी मुतगेकर आदी उपस्थित होते.'

आदी!

किल्लेदार हॉलची किल्ली द्यायला आलेला. विनोदिनी कांदेपोहे घेऊन आलेली. अध्यक्ष, संस्थापक आणि एकमेव वक्ता प्रा. हरिभाऊ मुतगेकर 'आदी'मध्ये! वार्ताहर विक्रमला फोन केला. तो म्हणाला की अण्णा, पुढं आलेत त्यांना विचारून नावं लिहिली, तुम्ही माइक सोडायला तयार नव्हता.

विक्रम, तेरावा.

विनोदिनीने कात्रण काढून फ्रिजवर लावलंय. तिचं नाव पेपरात पहिल्यांदाच आलं म्हणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

किल्लेदारची नवी चाल. घरी आला. अनगोळपर्यंत, स्कूटरवर, न बोलावता. म्हणाला की त्या दिवशीचं चहाचं बोलणं चुकलं, सर. त्याच्या मशीनमधून तेल झकास निघतंय, पण शेतकरी टरफलं द्यायलाच तयार नाहीत, आणि का ते कळेना. हे शोधायला तुमच्यासारखं माणूस लागतं, आणि निधी समितीपुढे तसं सांगायला तो तयार आहे. समितीच्या ऑफिसात फोन करून वेळही त्यानेच पक्की केली. त्याचं कन्नड चांगलं आहे.

मी चहा विचारला नाही. विनोदिनीने दोनदा दिला.

सरळ आहे: माझ्या सूडात वाटा मागतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निवेदन अखेर तयार. एकतीस पानं. मालुबाई परिशिष्ट 'फ' मध्ये. उद्या बोलताना शेवटच्या मिनिटाला किल्लेदारकडे बघून एक वाक्य टाकणार आहे. आरशासमोर आठ वेळा म्हणून पाहिलं. त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून जेवलो. भाकरी एक जास्त गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सर्किट हाउस, कॉरिडॉर

१०.३०. आलो. नेहरू शर्ट, जाकीट. आरोही एक साधी फाइल घेऊन आलीय. किल्लेदारही आलाय.

११.४०. शिपाई दारात येऊन ओरडला, 'किल्लेदार मत्तू इतररू!' म्हणजे किल्लेदार आणि इतर. फोन त्याने केला ना, म्हणून यादीत नाव त्याचं.

मी जागचा हललो नाही. आरोहीला सांगितलं की इतर म्हणून मी आत येणार नाही. जा, त्यांना नीट नाव घेऊन बोलवायला सांग.

११.४५. ते दोघे आत. आता माझ्यावाचून अडेल. वाट बघतोय.

१२.१०. दहा मिनिटं कधीच उलटली. आतून हसण्याचा आवाज. बहुधा किल्लेदारला हसतायत.

१२.२०. आरोही बाहेर आली. चेहरा फुललेला. समितीला व्हॅनची गोष्ट पटली, तीन वर्षांचा प्रकल्प देतो म्हणतायत. मार्गदर्शक कोण, विचारलं. फॉर्मवर ती जागा तिने माझ्यासाठी मोकळी ठेवलीय. आत येऊन दोन मिनिटं बोलायचं आणि सही करायची. म्हटलं, अवश्य. बोलावू दे की.

१२.३०. शिपाई आला. 'मुतगेकर यार्री?' म्हणजे मुतगेकर कोण? आदराचा 'री' लावला होता, मान्य. 'प्रा.' नव्हतं. मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा बघत राहिलो.

१२.४०. किल्लेदार बाहेर आला. म्हणाला की सर, फोनवर एकच नाव द्यायचं होतं म्हणून माझं दिलं, चूक माझी. तुम्ही आत जा, मी इथं थांबतो. दया दाखवतोय मला! मी पुन्हा नकाशाकडे वळलो.

१२.५०. पुन्हा आरोही. घाबरली की ती गावचं बोलते. म्हणाली की सर, चला की, लई येळ न्हाय, सायबास्नी धारवाडला जायाचं हाय. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, आरोही, प्रश्न सहीचा नाही, विषयाच्या प्रतिष्ठेचा आहे. मी 'येत नाही' म्हटलेलं नाही. मी फक्त वाट बघतोय.

१.२५. कॉरिडॉर शांत.

१.४०. शिपाई झाडू घेऊन आला. साहेब लोक मागच्या दाराने गेले म्हणे.

५ मार्च, बुधवार

जिंकलो! समाजशास्त्राला निधी मंजूर. अकराची तीस गावं. आरोहीला तीन वर्षं फेलोशिप, शोरूम रद्द. समितीच्या पत्रात लिहिलंय की अशा संशोधनाला राज्यात वेगळी तरतूद करावी. किल्लेदारच्या तेलाचं पत्रात नावसुद्धा नाही. (त्याने तेलासाठी मागितलंच नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.)

सूड पूर्ण.

मार्गदर्शक: धारवाडच्या एक प्राध्यापिका. फॉर्म त्याच दिवशी द्यायचा होता, म्हणून समितीनेच नाव घातलं. बाईंनी मानपानावर एक ओळ लिहिलेली नाही. चौदावं नाव.

पेढे किल्लेदारने वाटले. मी घेतला नाही. दुपारी एकटा असताना घेतला.

१२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ६.४०

आरोही आली होती. वाकून नमस्कार केला. धारवाडच्या बाईंनी सांगितलंय की नुसती खेडी नकोत, शहरातली शिकलेली माणसंही घ्या. गरज असताना मिळणारी मदत त्यांनी कधी, का नाकारली ते विचारा. सर, तुमची मुलाखत घेऊ का, म्हणाली.

दोन तास चालली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतके प्रश्न आणि तेही मान खाली घालून, माझं एकेक वाक्य लिहून घेत, मला कित्येक वर्षांत कुणी विचारले नव्हते. कॉरिडॉरमधलं सगळं तपशिलात सांगितलं, कुणाचं कसं चुकलं ते क्रमवार.

शेवटी म्हटलं, नाव पूर्ण घाल, प्रा. हरिभाऊ मुतगेकर. ती म्हणाली की सर, यात नाव कुणाचंच येत नाही, नियम आहे. मी उत्तरदाता क्रमांक सत्तेचाळीस. शेहेचाळीस जण माझ्या आधी कोण, ते तिने सांगितलं नाही. विनोदिनी आत काहीतरी गुणगुणत होती.

शेवटचा प्रश्न होता, 'तीच वेळ पुन्हा आली तर काय कराल?' मी पंख्याकडे बघत बसलो. ती थांबली, बरीच थांबली. पेन कागदावर टेकवलेलं. मग हळूच म्हणाली की असू दे सर, आणि लिहिलं, 'उत्तर नाही'. पाया पडून गेली. खानापूरची बस होती.

उत्तर होतं. आत गेलो असतो. इतर म्हणून गेलो असतो, सगळ्यांच्या मागून गेलो असतो, त्या मोकळ्या जागेत सही केली असती. सत्तावीस वर्षांत माझ्यासाठी कुणी जागा मोकळी ठेवली ती तेवढीच.

हे तिला कळवायला हवं. बस अजून बेळगावच्या बाहेर पडली नसेल. पण त्यासाठी फोन करावा लागणार, आणि पहिला फोन मी का करायचा?