अण्णांच्या सीटखालची तार

२ फेब्रुवारी
ठरलं. अण्णांची जुनी मोटार मी स्वतः दुरुस्त करणार. दिवे, हॉर्न, वायपर सगळं बंद आहे. वायरमनला येऊ नका म्हणून कळवलं. पंचवीस तारखेला अण्णांना ऐंशी वर्षं पूर्ण होतायत. त्यांना मागे बसवून फेरी मारायची. वडील असूनही अण्णांनी मला जन्मात कधी शाबास म्हटलेलं नाही. आता म्हणावंच लागेल.

४ फेब्रुवारी
अण्णांनी कपाटातून वायरिंगचा नकाशा दिला. कागद पार जीर्ण. मोठी झेरॉक्स काढून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली, मूळ कागद परत केला. रेषा वाचता आल्या की झालं. बायको म्हणाली, तुम्हाला घरचं वीजबिल वाचता येत नाही. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी, सकाळी
हॉर्न वाजला! वायपर लावल्यावर वाजला, पण वाजला.

१२ फेब्रुवारी
मोठा शोध! नकाशात बॅटरीपासून थेट मागच्या दिव्यापर्यंत सरळ काळी रेषा आहे. मध्ये ना फ्यूज, ना स्विच. गाडीत मात्र ती तारच नाही! कुणीतरी ढापली असणार. घरात बेलची वायर उरली होती, ती मागच्या सीटखालून नेली. दिवा लागला.

१३ फेब्रुवारी
दिवा विझत नाही. असू दे. बॅटरी रोज चार्ज करीन. बंद गॅरेजमधला तो लाल उजेड बघून बायको रात्री तिकडे फिरकत नाही. भित्री आहे.

१७ फेब्रुवारी
अण्णा दुपारी मागच्या सीटवर पेपर वाचतात. ते बसले की दिवा मिचकावतो, उठले की थांबतो. गाडीने मालकाला ओळखलं! अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, पूर्वी कधी ओळखलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी
अण्णा म्हणाले, सीट कोमट लागते, कंबरेला बरं वाटतं. मी विनयाने मान झुकवली. बायकोला जळका वास येतो. जुन्या गाडीला वास असायचाच. तिने गॅरेजच्या दाराशी पाण्याची बादली भरून ठेवली. अपशकुनी मेली! मी ती बादली उचलून मागच्या अंगणात ठेवली.

२४ फेब्रुवारी
वास मलाही आला. शेजारी रंग देत असतील. शेजारी गावाला गेलेत, पण तरी. उद्या फेरी झाली की सीट उचलून बघीन. आधी नको, उगीच मन खट्टू होतं.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
अण्णा कोट घालून बसले. म्हणाले, आज सीट फारच गरम आहे. मी म्हणालो, वाढदिवस आहे. चावी फिरवली आणि सीटखालून धूर आला. मग जाळ. गाडीचं मागचं दार अडकलं. मी बादली शोधत गॅरेजच्या दाराशीच घुटमळलो. बायकोने खिडकीतून हात घालून अण्णांना ओढून काढलं. अण्णा वाचले. गाडीचा मागचा भाग कोळसा झालाय. 

२७ फेब्रुवारी
अण्णा पालथे झोपून आहेत, मांड्यांना फोड आलेत. त्यांनी मूळ नकाशा आणि माझी झेरॉक्स मागवली. दोन्ही उशीवर शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. मूळ कागदावर ती रेषाच नाही. तिथे घडी आहे, झेरॉक्समध्ये तीच काळी उमटलीय. अण्णा म्हणाले, ही घडी मीच घातलीय रे, वर्षानुवर्षं खिशात ठेवायचो ना. रागावले असते तर बरं झालं असतं.
मग त्यांनी बायकोला हाक मारली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाबास म्हणाले.